दोन अक्षरांच्या जागेचा सातबारा

"एखादं चांगलं डॉट इन नाव घेऊन ठेव, त्यावर चार-पाच पानांची साइट टाक आणि विसरून जा. दहा वर्षांनी प्लॉटसारखा भाव येईल." हा सल्ला तुम्ही कुठे ना कुठे ऐकला असणार. कधी तो डॉट इनबद्दल असतो, कधी डॉट आयओबद्दल, आणि अलीकडे डॉट एआयबद्दल. ऐकताक्षणी पटतो, कारण 'जागा घेऊन ठेवणं' ही आपल्याकडची गुंतवणुकीची सगळ्यांत ओळखीची कल्पना आहे.

या लेखात मी त्या कल्पनेचा इतिहास सांगणार आहे. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी यात का पडायचं, असं विचाराल तर कारणं दोन. एक म्हणजे तुमच्यापैकी बरेच जण लवकरच स्वतःची छोटी साइट करणार: लेखांची यादी, डेटा, एखाद्या तंत्रावरच्या नोट्स. त्यासाठी नाव घेताना 'हे किती टिकेल' हा प्रश्न खरा असतो. दुसरं म्हणजे तुम्ही प्रबंधात ज्या लिंक देणार आहात, त्यांतल्या कितीतरी दुसऱ्या कोणाच्या तरी अशाच छोट्या साइटवर असतात. त्या साइटचा मालक नावाकडे कसा बघतो, यावर तुमचा संदर्भ जगतो किंवा मरतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. देशाच्या कोडखालचं डोमेन प्लॉटसारखं कधीच नव्हतं. ते भाडेपट्ट्यासारखं आहे, आणि मूळ जागा कोणाची हेही अनेक ठिकाणी वादात आहे. तरीही त्यावर छोट्या साइट उभ्या राहिल्या, काही टिकल्या, काहींनी पैसेही मिळवले. कशामुळे, ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

यादी दुसऱ्याची, जबाबदारी तिसऱ्याची

१९८३ पर्यंत नेटवर्कवरच्या सगळ्या यंत्रांची नावं एका फाइलमध्ये असायची. ती अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवलेली, आणि बाकीच्यांनी ती वेळोवेळी उतरवून घ्यायची. यंत्रं वाढली तशी ही पद्धत कोलमडायला लागली. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडलेली डोमेन नेम सिस्टिम हा त्यावरचा उपाय. आपण नावं डॉट देऊन उजवीकडून डावीकडे उतरंडीने वाचतो, ती रचना तिथून आली.

मग प्रश्न आला की उतरंडीच्या अगदी वरच्या पायरीवर काय ठेवायचं. ऑक्टोबर १९८४ मध्ये जॉन पोस्टेल आणि जॉइस रेनॉल्ड्स यांनी लिहिलेल्या आरएफसी ९२० या टिपणात त्याचं उत्तर आहे. डॉट कॉम, डॉट एज्यु अशी काही सर्वसाधारण नावं ठेवायची, आणि त्यांच्या बरोबरीने प्रत्येक देशाला दोन अक्षरं द्यायची. ही दोन अक्षरं त्यांनी स्वतः ठरवली नाहीत. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची, म्हणजे आयएसओची, १९७४ पासूनची ३१६६ क्रमांकाची यादी त्यांनी तशीच उचलली.

हे मला फार हुशारीचं वाटतं. 'देश कोणाला म्हणायचं' हा जगातला सगळ्यांत भांडणाचा प्रश्न. तो कंप्युटरवाल्यांनी अंगावर घेतलाच नाही. यादीत असेल तर कोड मिळेल, नसेल तर नाही, एवढंच. पण या हुशारीची एक किंमतही होती. यादीत फक्त देश नव्हते, दूरची बेटं आणि वसाहतींचे उरलेले तुकडेही होते. टोकेलाउ, अँग्विला, ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश, सगळ्यांना भारताएवढीच दोन अक्षरं मिळाली. त्या वेळी त्याकडे कोणी फारसं लक्ष दिलं नाही.

१९८५ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि इस्रायल यांचे कोड सुरू झाले. (ब्रिटनचा आयएसओ कोड जीबी, पण वापरात आला यूके. नियम पाळणाऱ्यांच्या यादीतला पहिलाच अपवाद.) भारताचा डॉट इन मे १९८९ मधला. तो बरीच वर्षं मुंबईतल्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीकडे, म्हणजे जुहूच्या एनसीएसटीकडे होता. त्या काळात कोड सोपवण्याची पद्धत साधी होती. त्या देशातल्या नेटवर्कचं काम करणारा एखादा भरवशाचा माणूस किंवा विद्यापीठ शोधायचं आणि काम द्यायचं. लिलाव, फी, मोठे करार असलं काही नव्हतं.

या काळातलं एकच कागदपत्र वाचायचं ठरवलंत तर मार्च १९९४ चं आरएफसी १५९१ वाचा. मोजक्या पानांचं आहे, पोस्टेल यांचंच. त्यात दोन गोष्टी स्पष्ट आहेत. देश कोणता आणि कोणता नाही, हे ठरवणं आमचं काम नाही, ही पहिली. दुसरी आपल्या विषयासाठी जास्त महत्त्वाची: कोड सांभाळणारा हा विश्वस्त आहे, त्याने हक्क आणि मालकीची भाषा करू नये, जबाबदारी आणि सेवेची करावी. वरचा माणूसच विश्वस्त असेल, तर त्याच्याकडून वर्षाच्या बोलीवर नाव घेणारे तुम्ही-आम्ही मालक कसे होणार? सातबाऱ्याची उपमा इथेच पहिल्यांदा अडते.

बेटांनी भाडं लावलं

विश्वस्तपणाची ही भाषा फार काळ टिकली नाही. १९९७ पासून न्यूए या प्रशांत महासागरातल्या दीड-दोन हजार वस्तीच्या बेटाचा डॉट एनयू अमेरिकेतून विकला जाऊ लागला. 'नू' म्हणजे स्वीडिश भाषेत 'आत्ता', त्यामुळे तिथे तो झपाट्याने खपला. पुढे २०१३ मध्ये त्याचं व्यवस्थापनही स्वीडनमधल्या संस्थेकडे गेलं. आपला कोड आपल्या परवानगीशिवाय वापरला गेला, हा न्यूए सरकारचा दावा जुना आहे, आणि तो स्वीडनच्या कोर्टापर्यंत पोचला.

तुवालूचा डॉट टीव्ही हे जास्त सुखाचं उदाहरण. कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीशी शतकाच्या वळणावर झालेल्या कराराची रक्कम बारा वर्षांत पाच कोटी डॉलर होती. सुमारे अकरा हजार लोकांच्या देशाला हा पैसा केवढा वाटला असेल, ते एवढ्यावरून कळेल की सप्टेंबर २००० मध्ये तुवालू संयुक्त राष्ट्रांचा १८९ वा सदस्य झाला, आणि तो खर्च परवडण्यामागे हा करार होता. पुढे हे काम व्हेरिसाइनकडे आणि २०२१ नंतर गोडॅडीकडे गेलं.

डॉट एआयची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. अँग्विला हे कॅरिबियनमधलं ब्रिटिश बेट, वस्ती पंधरा-सोळा हजार. २०२३ मध्ये डॉट एआय नावांतून तिथल्या सरकारला सुमारे ३ कोटी २० लाख डॉलर मिळाले, सरकारच्या एकूण उत्पन्नाच्या जवळजवळ एक पंचमांश.

आता एक गोष्ट बारकाईने बघा. 'कंट्री-कोड डोमेनमधून एवढे पैसे मिळाले' अशा ज्या बातम्या आपण वाचतो, त्यांतल्या खात्रीच्या सगळ्या या घरमालकाच्या बाजूच्या आहेत. भाडं नियमित येतं ते सरकारला आणि रजिस्ट्रीला. भाडेकरूचं काय झालं, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याची नोंद फार विस्कळीत आहे.

मिनीसाइटचा काळ

भाडेकरूची खरी गोष्ट २००३ च्या आसपास सुरू होते. त्या वर्षी गूगलने ॲडसेन्स आणलं. कोणीही आपल्या पानावर जाहिरातीची चौकट टाकावी, वाचकाने क्लिक केलं की पैसे. त्याआधी नुसतं नाव घेऊन ठेवणाऱ्यांना विकेपर्यंत काही मिळत नसे; उलट दरवर्षी नूतनीकरणाचा खर्च. आता नाव बसल्या जागी थोडंफार कमवू लागलं. आधी नुसत्या जाहिरातींची रिकामी पानं आली, ज्याला 'पार्किंग' म्हणतात. मग लोकांच्या लक्षात आलं की पाच-दहा पानांचा खरा मजकूर टाकला तर शोधयंत्रातून वाचक येतात. एखाद्या आजाराची माहिती, एखाद्या शहरातली हॉटेलं, कर्जाच्या हप्त्याचं गणित. यालाच 'मिनीसाइट' म्हणू लागले.

यात देशांचे कोड दोन कारणांनी शिरले. डॉट कॉममधले चांगले शब्द संपले होते. आणि शोधयंत्रं स्थानिक कोडचा अर्थ 'हे त्या देशातल्या वाचकांसाठी' असा लावत होती. म्हणजे जर्मनीत डॉट डीई आणि ब्रिटनमध्ये डॉट सीओ डॉट यूके असलेल्या छोट्या साइटला घरच्या मैदानाचा फायदा होता. (डॉट टीव्ही, डॉट आयओ अशा काही कोडना गूगल आता देशाशी जोडत नाही, हे नाव घेताना लक्षात ठेवा.)

भारताचं दार याच सुमारास उघडलं. २००४ पर्यंत डॉट इनचे नियम इतके घट्ट होते की १९९२ पासूनच्या बारा वर्षांत सुमारे सात हजार नावं नोंदली गेली. शंभर कोटींच्या देशात सात हजार! जानेवारी २००५ मध्ये निक्सी, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, या संस्थेच्या नव्या रजिस्ट्रीने काम हाती घेतलं. आधी ट्रेडमार्कवाल्यांना संधी मिळाली, आणि १६ फेब्रुवारीपासून सगळ्यांना. मार्च २०१० पर्यंत नावं सहा लाखांच्या वर गेली. यांतली किती भारतीयांनी वापरायला घेतली आणि किती कुठल्या कुठल्या देशांतल्या गुंतवणूकदारांनी धरून ठेवायला, हा एका चांगल्या प्रबंधाचा विषय आहे. कोणाला हवा असेल तर घ्या.

या काळातला हिशेब समजायला एक ढोबळ गणित करू. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. समजा तुमच्याकडे शंभर नावं आहेत आणि प्रत्येकाचा वर्षाचा खर्च सातशे रुपये. वर्षाला सत्तर हजार, दहा वर्षांत सात लाख. समजा दरवर्षी सरासरी एक नाव विकलं जातं. मग नुसती बरोबरी साधायला प्रत्येक विक्री सत्तर हजारांच्या आसपास व्हायला हवी, आणि यात बँकेत मिळालं असतं ते व्याज धरलेलंच नाही. मिनीसाइटचं आकर्षण इथे होतं: जाहिरातीतून नावाचे वर्षाचे सातशे रुपये सुटले, की वाट बघणं फुकट. म्हणजे साइट हे उत्पन्नाचं साधन कमी आणि नाव धरून ठेवण्याचं साधन जास्त. गल्लत इथेच होती, असं मला वाटतं. साइटचा उद्देश वाचक नव्हता, नूतनीकरणाची फी होती, आणि ते पानावर दिसायचं.

शोधयंत्रालाही ते दिसलं. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलने 'पांडा' नावाचा बदल आणला, आणि पातळ मजकुराच्या साइट निकालात खाली गेल्या. सप्टेंबर २०१२ मध्ये आणखी एक बदल झाला, नेमका अशा साइटवर रोख धरून ज्यांच्या नावातच शोधशब्द होते पण आत दम नव्हता. नावाच्या जोरावर वाचक मिळण्याचं युग तिथे बहुतेक संपलं. ज्यांच्या साइटवर खरोखर कामाचं काही होतं, म्हणजे एखाद्या छंदाची माहिती, जुन्या रेल्वेगाड्यांची वेळापत्रकं, एखाद्या सॉफ्टवेअरच्या अडचणींची उत्तरं, त्यांना फारसा फरक पडला नाही. त्यांनी ती गुंतवणूक म्हणून केलेलीही नसायची बऱ्याचदा.

कायद्याचा मुद्दा थोडक्यात. डोमेनला किंमत आहे हे आपल्या कोर्टांनी लवकर मान्य केलं. रेडिफशी मिळतंजुळतं 'रॅडिफ' नाव घेणाऱ्यांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये निकाल दिला, आणि २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डोमेनला ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळू शकतं असं ठरवलं. गुंतवणूकदारासाठी ही दुधारी गोष्ट. डॉट इनसाठी स्वतंत्र लवाद पद्धत आहे. नाव दुसऱ्याच्या ट्रेडमार्कशी मिळतंजुळतं, तुमचा त्यावर वैध संबंध नाही आणि हेतू वाईट, हे तिन्ही सिद्ध झालं की नाव जातं. नाव जितकं 'किमती', तितकी ही शक्यता जास्त.

घरमालकच गेला तर?

आता युगोस्लाव्हियाकडे जाऊ, कारण नाव किती टिकेल या प्रश्नाची सगळ्यांत कडक परीक्षा तिथे झाली.

डॉट वाययू हा कोड १९८९ मध्ये मिळाला तेव्हा त्याचं काम बेलग्रेडमध्ये नाही, स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियानामध्ये, योझेफ स्टेफान इन्स्टिट्यूटमध्ये चालायचं. १९९१ मध्ये स्लोव्हेनिया स्वतंत्र झाला. म्हणजे देश फुटला, आणि फुटलेल्या देशाचा कोड बाहेर पडलेल्या तुकड्यातल्या शास्त्रज्ञांकडे राहिला. १९९२ मध्ये उरलेल्या युगोस्लाव्हियावर संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध आले. स्लोव्हेनियाला त्याचा डॉट एसआय मिळाला, तरी वाययू काही काळ तिकडेच होता. अखेर १९९४ मध्ये पोस्टेल यांनी तो बेलग्रेड विद्यापीठाकडे दिला. आरएफसी १५९१ चं साल आठवा: तेच. 'देश कोणता हे आम्ही ठरवत नाही' असं लिहिणाऱ्या माणसाला त्याच वर्षी युगोस्लाव्हियाचा कोड कोणाकडे, हे ठरवावं लागलं. अशा जोड्या तुमच्या स्वतःच्या विषयातही शोधत जा. धोरणाचा कागद आणि त्याच वर्षीचा निर्णय शेजारी ठेवले की बरंच कळतं.

पुढे २००३ मध्ये देशाचं नाव बदलून 'सर्बिया आणि माँटेनेग्रो' झालं. आयएसओने नवा कोड दिला सीएस. हा पूर्वी चेकोस्लोव्हाकियाचा होता! त्या देशाचं डोमेन जाऊन दहा वर्षंही झाली नव्हती. एवढी टीका झाली की कोड पुन्हा वापरण्याआधीचा थांबा पाच वर्षांवरून पन्नास वर्षांवर नेण्यात आला. नवा सीएस इंटरनेटवर कधी आलाच नाही. साइट वाययूवरच राहिल्या, नसलेल्या देशाच्या नावावर. २००६ मध्ये माँटेनेग्रो वेगळा झाला. २००७ मध्ये डॉट आरएस आणि डॉट एमई मंजूर झाले. जुन्या नावाच्या धारकांना आरएसमध्ये सहा महिने पहिला हक्क होता. वाययू बंद करण्याची तारीख आधी ३० सप्टेंबर २००९ ठरली, मग मुदतवाढ मिळून ३० मार्च २०१०. त्या दिवशी तो मूळ यादीतून काढला.

याचा अर्थ नीट समजून घ्या. नाव विकलं गेलं नाही, जप्त झालं नाही, फी थकली म्हणून गेलं नाही. ते ज्या मजल्यावर होतं, तो मजलाच काढला. विद्यापीठांची पानं, नव्वदच्या दशकातल्या वृत्तपत्रांची संग्रहं, लोकांच्या घरगुती साइट, ज्यांनी वेळेत हलवल्या त्या वाचल्या. पण वाचलेल्यांचाही पत्ता बदलला. म्हणजे त्याआधी कोणी आपल्या लेखात वाययूची लिंक दिली असेल, तर ती कायमची मेली. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये यांतला काही भाग सापडतो, पण तिथे जायला जुना पत्ता माहीत असावा लागतो. युगोस्लाव्हियाच्या विघटनावर काम करणाऱ्या इतिहासकाराला हे केवढं अवघड आहे!

पण सगळे मजले पडत नाहीत. सोव्हिएत संघाचा डॉट एसयू सप्टेंबर १९९० चा. देश पुढच्या वर्षी गेला, कोड अजून चालू आहे. एकाच प्रकारच्या दोन घटना, दोन वेगळे शेवट. म्हणून 'देश बुडाला की डोमेन बुडतं' असाही नियम करता येत नाही.

बाकीची उदाहरणं भराभर सांगते. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर जानेवारी २०२१ मध्ये ८० हजारांच्या आसपास ब्रिटिश धारकांची डॉट ईयू नावं थांबवण्यात आली, वर्षभराने रद्द झाली. कारण ते ईयूचे रहिवासी राहिले नव्हते. फेब्रुवारी २०२४ मध्ये अफगाणिस्तानातल्या मंत्रालयाने एका छोट्या सोशल नेटवर्कचं डॉट एएफ नाव बंद केलं. २०१० मध्ये लिबियाने एक लिंक छोटी करून देणारी साइट बंद केली, मजकूर तिथल्या नियमांत बसत नाही म्हणून. शब्दखेळ म्हणून घेतलेल्या दोन अक्षरांमागे खरं सरकार असतं, हे नाव घेताना कोणाच्या मनात नसतं.

टोकेलाउचा डॉट टीके थोडा वेगळा. दीड हजार वस्तीच्या या बेटाची नावं एक डच कंपनी फुकट वाटायची, आणि एके काळी संख्येने तो जगातला सगळ्यांत मोठा देश-कोड होता. फुकट म्हटल्यावर प्रोजेक्टवाले विद्यार्थी आले, तसे फसवणूकवालेही आले, आणि जास्त संख्येने आले. २०२३ मध्ये मेटाने कंपनीवर खटला भरला, नवी नोंदणी थांबली, २०२४ मध्ये कंपनीने हा धंदाच सोडत असल्याचं जाहीर केलं. शेजारी कसे आहेत यावरही तुमच्या जागेची किंमत ठरते, एवढं यातून घ्या.

वाचलेल्यांवरून अंदाज

विज्ञान शाखेतून आलेल्यांना 'सर्व्हायव्हरशिप बायस' ठाऊक असतो: जे वाचले तेच मोजले, तर अंदाज फसतो. डोमेन गुंतवणुकीवरचं जवळजवळ सगळं साहित्य या दोषाने भरलेलं आहे. मोठ्या विक्रीची बातमी होते. दहा वर्षं फी भरून सोडून दिलेल्या नावाची कुठेच नोंद होत नाही. या विषयावर काम करायचं तर विक्रीच्या याद्यांपासून सुरुवात करू नका. एखाद्या वर्षी नोंदलेल्या नावांचा नमुना घ्या आणि वेबॅक मशीनमध्ये वर्षागणिक त्यांचा मागोवा घ्या: साइट होती का, बदलली का, पार्किंगवर गेली का, मालकाने सोडली का. किरणोत्सारी नमुन्याचं अर्धायुष्य काढतो तसं छोट्या साइटचं काढता येईल. फरक एवढाच की इथला ऱ्हास स्थिर दराने होत नाही. ३० मार्च २०१० सारख्या तारखेला तो एकदम कोसळतो.

आणि ऱ्हास मोठा आहे. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२४ च्या अभ्यासात २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी मिळाली नाहीत. हार्वर्डच्या संशोधकांनी त्याच्या दशकभर आधी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांतल्या लिंक तपासल्या. निम्म्या लिंकवर मूळ संदर्भित मजकूर राहिला नव्हता. कोर्टाच्या निकालांची ही गत, तर आपल्या प्रबंधांची काय असेल?

तेव्हा करायचं काय, तर छोट्या साइटची लिंक द्यायच्या आधी ती वेबॅक मशीनमध्ये जतन करा आणि दोन्ही पत्ते द्या. डेटाला डीओआय मिळत असेल तर साइटच्या पत्त्यावर विसंबू नका. स्वतःची साइट करताना डॉट इन घ्यायला माझी काही हरकत नाही, नियम सौम्य आहेत आणि मागे मोठं राज्य आहे. ऑगस्ट २०१४ पासून देवनागरीत डॉट भारतही मिळतं, मराठीत नाव हवं असेल तर; पण ईमेलला सगळीकडे चालतंच असं नाही, म्हणून दुसरं नाव जोडीला ठेवा. साइट मात्र अशी बांधा की साध्या फाइली उचलून दुसऱ्या नावावर तासाभरात नेता येतील. आणि विकून पैसे येतील म्हणून नाव घेणार असाल, तर वरचं सत्तर हजारांचं गणित स्वतःच्या आकड्यांनी एकदा करून बघा.

सध्या लक्ष ठेवावं असा कोड म्हणजे डॉट आयओ. तो ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेशाचा, म्हणजे चागोस बेटांचा. तिथल्या मूळ रहिवाशांना १९६८ ते १९७३ या काळात बेटांवरून हलवण्यात आलं, आणि त्याच बेटांची दोन अक्षरं पुढे सॉफ्टवेअर कंपन्यांची लाडकी झाली. २०१७ मध्ये हा कोड चालवणारी कंपनी सुमारे सात कोटी डॉलरना विकली गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये ब्रिटनने सार्वभौमत्व मॉरिशसला देण्याचं जाहीर केलं, मे २०२५ मध्ये करारावर सह्या झाल्या. पण करारामुळे कोड आपोआप जात नाही. आधी आयएसओच्या यादीतून ती दोन अक्षरं निघायला हवीत, मग आयकॅनने २०२२ मध्ये मंजूर केलेलं कोड-निवृत्तीचं धोरण लागू होईल: सूचनेपासून पाच वर्षं, गरज पडल्यास आणखी पाचपर्यंत. म्हणून डॉट आयओवर ज्यांची साइट आहे, त्यांनी लंडन किंवा पोर्ट लुईच्या बातम्यांपेक्षा ३१६६ ची यादी अधूनमधून उघडून बघावी.